अर्जात नसलेला मजकूर

बँकेच्या अधिकारीपदाच्या मुलाखतीत पहिला प्रश्न बहुधा एकच असतो, आणि तो उमेदवाराला आधीपासून ठाऊक असतो: "स्वतःविषयी काही सांगा." ज्या प्रश्नाचे उत्तर घरी बसून, हवा तितका वेळ घेऊन सिद्ध करण्याची मुभा प्रत्येकाला आहे, नेमक्या त्याच प्रश्नापाशी खेड्यातून आलेली हुशार मुले निष्प्रभ ठरावीत, हा प्रकार मी निवडसमितीचा एक सदस्य या नात्याने अनेक वर्षे पाहिला, आणि निवृत्तीनंतर हिंगोलीत तरुण मुलामुलींची तयारी करून घेताना आजही पाहत आहे. माझी सारी नोकरी ग्रामीण बँकेत झाली आणि तिचा मोठा भाग हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ व सेनगाव या पाच तालुक्यांच्या मुलखात गेला. 1 मे 1999 रोजी हा मुलूख परभणीपासून वेगळा होऊन स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा मी याच भागातील एका शाखेचा कारभार पाहत होतो. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते मुख्यतः इथल्या उमेदवारांना समोर ठेवून, आणि त्यांच्याविषयी वाटणाऱ्या आस्थेपोटी.

मुलाखतीचे स्वरूप अगोदर थोडक्यात सांगितले पाहिजे. बँकिंग सेवा भरती मंडळांच्या काळी लिपिकालाही मुलाखतीस हजर राहावे लागे. आता ग्रामीण बँकेच्या कार्यालयीन सहायकाची निवड लेखी परीक्षेवरच होते, आणि मुलाखत उरली आहे ती अधिकाऱ्यांपुरती. अधिकाऱ्यांच्या सामाईक भरतीत अंतिम यादी करताना मुख्य परीक्षेला 80 आणि मुलाखतीला 20 असे प्रमाण धरतात. मुलाखतीत किमान 40 टक्के, राखीव प्रवर्गांसाठी 35 टक्के गुण मिळवावे लागतात. हे वीस गुण वरवर पाहता थोडे, परंतु लेखी परीक्षेत एकेका गुणाच्या अंतरावर शेकडो नावे दाटीने उभी असल्यामुळे यादीतील वर-खाली याच वीस गुणांत ठरते. एका उमेदवाराच्या वाट्याला फार तर दहा-पंधरा मिनिटे येतात. समितीपुढे त्याचा अर्ज उघडा असतो. नाव, जन्मतारीख, शाळा, महाविद्यालय, टक्केवारी हे सर्व सदस्यांनी वाचलेले असते किंवा तो बोलत असताना ते वाचत असतात. असे असता उमेदवार आपली पहिली दोन मिनिटे त्या अर्जाचेच पठण करण्यात घालवतो. समितीला ऐकायचा असतो तो अर्जात नसलेला मजकूर.

औंढ्याकडील एका खेड्यातून आलेला, अभियांत्रिकीची पदवी घेतलेला एक तरुण मला आजही स्पष्ट आठवतो. पांढरा सदरा, नवा पट्टा, मांडीवर प्रमाणपत्रांची फाइल, आणि तिच्या कडेवर आवळून धरलेली दोन्ही हातांची बोटे. त्याने इंग्रजीत जे सांगितले ते आम्ही त्याच सकाळी त्याच्याआधीच्या अनेकांकडून जवळजवळ त्याच शब्दांत ऐकले होते: आपण परिश्रमी आहोत, आपली वृत्ती सकारात्मक आहे, आपण सर्वांना बरोबर घेऊन काम करतो, आणि आपला दोष विचाराल तर हाती घेतलेले काम पुरे झाल्याखेरीज आपल्याला चैन पडत नाही. गावाचे नाव त्याने जिल्ह्याच्या नावाआड दडवले होते, आणि वडिलांचा व्यवसाय 'सेल्फ-एम्प्लॉइड' या एका शब्दात उरकला होता. एका सदस्याचे लक्ष एव्हाना पुढच्या उमेदवाराच्या अर्जाकडे गेले होते. आमचे अध्यक्ष मात्र जुन्या वळणाचे, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी मराठीत विचारले, "वडील नेमके काय करतात?"

"शेती, सर."

"किती आहे?"

"अडीच एकर. सोयाबीन, थोडी तूर, आणि एक एकर हळद."

"मग हळदीचंच सांगा."

त्या मुलाची बोटे फाइलवरून सुटली. बेणे कुठून आणतात, सेलम जातीचे गड्डे का निवडतात, जून महिन्यात गादीवाफ्यावर लावलेले पीक जमिनीत आठ-नऊ महिने कसे अडकून राहते, पाला कापल्यानंतर काढणीला मजूर मिळवताना काय यातायात होते, हे सर्व तो एखाद्या मुरब्बी शेतकऱ्याच्या निश्चितीने सांगू लागला. ओली हळद कुकरमध्ये वाफेवर शिजवताना हळकुंडात काडी टोचून पाहावी लागते. ती सहज आत शिरली की वाफ तत्काळ बंद करायची, कारण जास्त शिजली तर रंग जातो आणि कमी शिजली तर ती वाळायला वेळ घेते आणि पुढे किडीला बळी पडते. मग उन्हात वाळवण, ढोलात घालून पॉलिश, पोत्यांची भरणी, आणि हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात बिटाला उभे राहणे. हे सांगून झाल्यावर तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "सगळ्यांचा माल एकदमच येतो, सर. त्या वेळी भाव पडतो हे वडिलांना कळतं. पण मार्चअखेर पीककर्ज नवं-जुनं करायचं असतं, म्हणून ते थांबू शकत नाहीत. व्यापारी थांबू शकतो."

अध्यक्षांनी विचारले, "तुम्ही तिथले शाखाधिकारी असता तर?" वखार पावतीच्या तारणावर कर्ज देतात हे त्याने पुस्तकात वाचलेले होते, परंतु आपल्या बापाच्या पोत्यांशी त्याचा संबंध जोडण्याचा प्रसंग त्याच्यावर बहुधा तेव्हाच प्रथम आला असावा. वाळलेली हळद गोदामात ठेवावी, पावतीवर बँकेने रक्कम द्यावी, तिच्यातून पीककर्ज मुदतीत फिटावे म्हणजे 7 टक्के दराच्या कर्जावर वेळेवर परतफेडीची 3 टक्क्यांची सूट पदरात पडते, आणि माल भाव पाहून विकावा, असे त्याने थांबत थांबत, आमच्यासमोरच विचार करीत मांडले. गोदामभाडे आणि तारणकर्जाचे व्याज वजा जाता शेतकऱ्याच्या हाती काय उरेल, हा एका सदस्याचा पुढचा प्रश्न होता. त्याचेही उत्तर त्याने नेमक्या आकड्यांशिवाय, परंतु बरोबर दिशेने दिले. ज्या मुलाची मुलाखत चौथ्या मिनिटाला संपल्यात जमा होती, त्याच्याशी आम्ही नियोजित वेळेहून अधिक बोललो. हे अध्यक्षांच्या चिकाटीमुळे घडले, ही गोष्ट मी मुद्दाम नमूद करतो. प्रत्येक समितीत असा माणूस असेलच असे नाही. दिवसभर तीच ती वाक्ये ऐकून थकलेले सदस्यही असतात, आणि उमेदवाराला खणून काढण्याची जबाबदारी ते स्वतःवर घेत नाहीत. जे अध्यक्षांनी पाच प्रश्न विचारून बाहेर काढले ते त्या मुलाने आपल्या पहिल्या दोन वाक्यांत स्वेच्छेने मेजावर ठेवावयास हवे होते.

आपले गाव, आपली शेती, घरातील कर्ज या गोष्टी सभ्य ठिकाणी झाकून ठेवण्याच्या आहेत ही समजूत आमच्या मुलांच्या मनात इतकी खोल रुजलेली असते की, ज्या संस्थेच्या दारात ती उभी आहेत ती संस्था कशासाठी जन्माला आली याचाही त्यांना विसर पडतो. गोरवाला समितीने अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी केली आणि 1954 साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्या समितीत आपले धनंजयराव गाडगीळही होते. शेतकऱ्याच्या कर्जापैकी जवळपास सत्तर टक्के सावकारांकडून येते, सहकारी संस्थांचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास, आणि व्यापारी बँकांचा तर एक टक्काही नाही, असे तीत आढळले. 19 जुलै 1969 रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, शाखा तालुक्यापर्यंत आल्या. परंतु शहरात वाढलेला, बदलीची वाट पाहणारा अधिकारी आणि दारात चप्पल काढून उभा असलेला शेतकरी यांच्यातील अंतर काही शाखेच्या फलकाने मिटले नाही. म्हणून 1975 साली नरसिंहम कार्यगटाने अशा बँकांची शिफारस केली, ज्यांत सहकारी संस्थांना असलेली गावाची जाण आणि व्यापारी बँकांची शिस्त या दोहोंचा संयोग असेल. त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला देशातील पहिल्या पाच ग्रामीण बँका उघडल्या, आणि पुढल्या वर्षी नांदेडला मुख्यालय असलेली मराठवाडा ग्रामीण बँक सुरू झाली. गावाची जाण हे त्या योजनेचे अर्धे भांडवल होते. ते ज्याच्यापाशी जन्मतः आहे त्या उमेदवाराने ते दडवावे आणि शिकवणीवर्गातून उसने आणलेली विशेषणे पुढे करावीत, याचे मला अतोनात वाईट वाटते.

आपली ओळख कशी करून द्यावी याचा उत्तम नमुना मला कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात आढळला नाही. तो आढळला शाखेत कर्ज मागण्यासाठी येणाऱ्या शेतकऱ्यांच्या बोलण्यात. सेनगाव तालुक्यातील एका शाखेत असताना मृगाच्या तोंडावर पहाटेपासून माणसे पायरीवर बसून असत. त्यांपैकी एकाची कैफियत मी इतरांना अनेकदा सांगितली आहे. मध्यम वयाचा, डोईला पटका, हातात चौघडी केलेला सातबारा. तो खुर्चीवर न बसता उभ्यानेच म्हणाला, "साहेब, बापाच्या नावावर चार एकर हाये, त्यात माझा वाटा दोन. हिरीला पाणी संक्रांतीपस्तोर पुरतंय, पुढं नाही. औंदा हळद नगं, कापूस लावतो. सोसायटीची बाकी हाये, ती लपवून काय उपेग, तुमी बेबाकी मागणारच. बैल विकून अर्धी भरली, अर्धी सुगीला भरतो." एवढे बोलून तो थांबला. किती जमीन, कोणाच्या नावे, पाणी किती, इरादा काय, अडचण कोणती, आणि तिच्यासाठी आजवर काय केले, हे सर्व अर्ध्या मिनिटात आले होते. यातील एकेक वाक्य मला तपासून पाहता येण्यासारखे होते आणि कुठल्याही वाक्यावर मी प्रश्न विचारला असता तरी त्याची काही हरकत नव्हती. मी प्रामाणिक आहे, मी कष्टाळू आहे, असे तो एकदाही म्हणाला नाही. थकबाकी न विचारता सांगितली, तेवढ्यात ते येऊन गेले होते.

1912 सालच्या डिसेंबरात अमेरिकेच्या काँग्रेसने नेमलेल्या पूजो समितीपुढे त्या काळचा सर्वात बलाढ्य सावकार जे. पी. मॉर्गन याची जबानी झाली, तेव्हा कर्ज देताना पैसा पाहता की मालमत्ता, या प्रश्नाला त्याने पहिल्याप्रथम चारित्र्य, असे उत्तर दिल्याचे नमूद आहे. मॉर्गनच्या एकंदर व्यवहाराविषयी कोणाचे काहीही मत असो, शाखेच्या मेजावर बसणाऱ्या अधिकाऱ्याला या उत्तरातील तथ्य रोज पडताळून पाहावे लागते. मुलाखतीच्या समितीत बसलेली माणसे आयुष्यभर हेच करत आलेली असतात. मोठमोठ्या विशेषणांनी नटलेला अर्ज पाहिला की त्यांचा हात आपोआप आखडतो, आणि अडचण सांगून बोलणाऱ्या माणसाकडे त्यांचे लक्ष वळते. उमेदवार त्यांच्यापुढे बसतो तेव्हाही त्यांची ही सवय सुटलेली नसते. हा तरुण उद्या लोकांच्या ठेवींची तिजोरी आणि कर्जमंजुरीचा अधिकार हाती घेणार आहे; त्याच्या शब्दावर कितपत विसंबावे, हे त्यांना पहिल्या दोन मिनिटांत अजमावायचे असते.

मुलींच्या बाबतीत हा संकोच अधिक गडद असतो. एका सरावसत्रात वाणिज्य शाखेची एक पदवीधर मुलगी स्वतःविषयी तीन वाक्ये बोलून गप्प झाली. वाचन आणि संगीत हे छंद तिने सांगितले. अलीकडे काय वाचले, असे विचारल्यावर ती खाली पाहू लागली. (वाचन हा छंद ज्याला खरोखर आहे त्यानेच सांगावा, कारण त्यावरील दुसरा प्रश्न ठरलेला असतो.) मग आई काय करते हे विचारल्यावर कळले की आई गावातील महिला बचत गटाची अध्यक्ष आहे, तिला लिहिता येत नाही, आणि गटाची सर्व दफ्तरे गेली काही वर्षे ही मुलगी लिहीत आली आहे. बैठकीची हजेरी, प्रत्येकीची बचत, आपसांत दिलेले कर्ज, त्यावरील व्याज, हप्त्यांची नोंद, बँकेच्या पासबुकाशी महिनाअखेरचा मेळ, सगळे. एका बाईने हप्ता चुकवला तेव्हा गटाने काय केले, हे तिने सांगितले ते असे: तिचे लेकरू दवाखान्यात होते म्हणून बैठकीत ठराव करून तिला दोन महिन्यांची मुदत दिली, परंतु व्याज माफ केले नाही, कारण ते केले असते तर बाकीच्यांनी पुढल्या खेपेला तेच मागितले असते. वसुलीच्या व्यवहारात सहानुभूती कुठे संपते आणि शिस्त कुठे सुरू होते हे ज्यांना उमगले आहे अशी माणसे बँकेच्या नोकरीतही विरळाच. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब या पंचसूत्रीचा पाठ ती आईच्या ओसरीवर बसून प्रत्यक्ष शिकली होती, आणि मुलाखतीत सांगण्यासारखे आपल्याजवळ काही नाही असे तिला मनापासून वाटत होते.

तिच्याबरोबर आम्ही तिचा परिचय नव्याने बांधला. पहिल्या वाक्यात नाव व गाव, दुसऱ्यात शिक्षण एका दमात, आणि त्यानंतर लगेच गटाची दफ्तरे. तिने लिहून आणलेल्या मसुद्यात 'उत्कृष्ट संघटनकौशल्य' असा एक शब्दप्रयोग शिल्लक होता, तो मी खोडला आणि त्या जागी 'अकरा महिलांच्या गटाचा हिशेब लिहिते' एवढेच ठेवले. पाठ करू नकोस, असेही बजावले. कारण पाठ केलेल्या मजकुराचा एक शब्द निसटला की माणूस संपूर्ण कोलमडतो, आणि तो निसटतोच. क्रम तेवढा ध्यानात ठेवावा, वाक्ये त्या त्या वेळी सुचतील तशी येऊ द्यावीत. दीड मिनिट पुरे होते. त्याहून लांबले की सदस्य अर्ज चाळू लागतात.

भाषेचा प्रश्न सर्वजण विचारतात. आमच्या आधीच्या पिढीचे शिक्षण निजामी राजवटीत उर्दूतून झाले, माझ्या पिढीचे मराठीतून, आणि आताच्या मुलांना इंग्रजी वाचता येते पण बोलताना घशाला कोरड पडते. समितीची अनुज्ञा घेऊन हिंदीत उत्तर देण्यात कसलाही कमीपणा नाही. अडखळत्या इंग्रजीत खोटे वाटणारे खरे सांगण्यापेक्षा सरळ हिंदीत बोललेले कधीही चांगले. ग्रामीण बँकेच्या अधिकाऱ्याला स्थानिक भाषा येणे हे तर पात्रतेतच अंतर्भूत आहे. मात्र प्रारंभ एका भाषेत करून मध्येच दुसरीत उडी घेणे बरे दिसत नाही, आणि इंग्रजीची चार वाक्ये केवळ ती येतात हे दाखवण्याकरिता म्हटलेली लगेच ओळखू येतात. माझ्या स्वतःच्या मुलाखतीत, ऐंशीच्या दशकाच्या आरंभी, एका वयोवृद्ध सदस्यांनी मला आणेवारी कशी काढतात हे विचारले होते. आमच्या गावी पीकपाहणीच्या वेळी मी पाटलांच्या मागे हिंडलेलो असल्यामुळे ते मला मराठीत सांगता आले, आणि इंग्रजीचा विषय त्यानंतर कोणी काढलाच नाही.

सर्वात अवघड जागा असते ती रिकाम्या गेलेल्या वर्षांची. पदवीनंतर नांदेडला, संभाजीनगरला किंवा पुण्याला खोली घेऊन तीन-चार वर्षे स्पर्धा परीक्षांची तयारी, राज्यसेवेत एकदोनदा थोडक्यात हुकलेली संधी, मग बँकेचा अर्ज, हा आज मराठवाड्यातील हजारो मुलांचा इतिहास आहे. ही वर्षे परिचयातून गाळली तरी अर्जावरील तारखा ती उघड करतात. माझा सल्ला असा की ती स्वतःच सांगावीत, एका वाक्यात, रडगाणे न गाता, आणि त्या काळात हाताने काय काम केले तेही सांगावे. एका तरुणाने त्या दिवसांत एका खाजगी वित्तसंस्थेसाठी दुचाकी कर्जांची वसुली केली होती आणि ती गोष्ट लाजिरवाणी समजून तो लपवत होता. लोकांच्या दारात जाऊन, शिव्या ऐकून, हप्ता का थकला याची चौकशी ज्याने केली आहे, त्याला अनुत्पादक कर्ज म्हणजे काय हे व्याख्येवाचून कळलेले असते. आता त्याच्या परिचयाचा निम्मा भाग त्याच कामाचा असतो.

गरिबीचा उल्लेख कसा करावा, हेही पुष्कळजण दबक्या आवाजात विचारतात. 2008 ची कर्जमाफी, त्यानंतर राज्याच्या 2017 आणि 2019 सालच्या योजना, यांतून ज्यांच्या घरचे कर्ज उतरले आणि तरीही पुन्हा चढले, अशी घरे या जिल्ह्यात गावोगाव आहेत. त्या घरातील मुलाने हे सांगावे, परंतु विनवणी म्हणून सांगू नये. "आमची परिस्थिती हलाखीची आहे, मला नोकरीची नितांत गरज आहे" हे वाक्य ऐकले की समिती अवघडते, कारण गरज बाहेर बसलेल्या प्रत्येकाला असते आणि तिला गुण देता येत नाहीत. हीच गोष्ट "आमचे कर्ज माफ झाले, पण पुढील वर्षी नवे कर्ज मिळायला उशीर झाला, आणि तो का झाला हे मी शाखेत जाऊन विचारले" अशी आली, तर तीत माणसाची उमज दिसते. माझ्याकडे येणाऱ्यांना मी पहिले काम तेच देतो. घरातील किसान क्रेडिट कार्डाचे पासबुक उघडा, मंजूर मर्यादा किती, दर किती, गेल्या वर्षी नवे-जुने कोणत्या तारखेला झाले, पीकविम्याची रक्कम कधी वळती झाली, सातबाऱ्यावर कोणाचा बोजा आहे, हे वडिलांसमोर बसून वाचा. बहुतेक मुले हे प्रथमच वाचतात. पदवीच्या परीक्षेसाठी रिझर्व्ह बँकेची कार्ये पाठ केलेल्या मुलाला आपल्या घरच्या कर्जाचा व्याजदर ठाऊक नसावा, ही आपल्या शिक्षणातील फार मोठी उणीव आहे, आणि आमच्या महाविद्यालयांनी ती मनावर घ्यावी अशी माझी कळकळीची विनंती आहे.

गावाचे नाव घेतले की त्या गावाविषयी प्रश्न येणार, म्हणून जिल्ह्याची माहितीही नेमकी हवी. हिंगोली म्हटल्यावर औंढ्याचे ज्योतिर्लिंग आणि नामदेवांचे नर्सी ही दोन नावे सर्वच सांगतात. परंतु औंढ्याजवळच गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी लायगो वेधशाळा उभी राहत आहे, तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या असतात, आणि 2023 साली केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला अंतिम मंजुरी दिली, हे विज्ञानाच्या पदवीधरालाही पुष्कळदा सांगता येत नाही. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. ते लाभल्याने शेतकऱ्याच्या बिटात काय फरक पडू शकतो, यावर दोन वाक्ये तयार असावीत. अशी तयारी चार संध्याकाळी होते, तिच्यावर अधिक लिहीत नाही.

अलीकडे एक नवा प्रश्न आला आहे. 1 मे 2025 पासून महाराष्ट्र ग्रामीण बँक आणि विदर्भ कोकण ग्रामीण बँक यांचे विलीनीकरण होऊन राज्यासाठी एकच ग्रामीण बँक राहिली. आमच्या काळी बदली म्हणजे फार तर शेजारचा जिल्हा. आता सिंधुदुर्गापासून गडचिरोलीपर्यंत कोठेही रुजू व्हावे लागेल. ज्या मुलाने आपल्या परिचयात हिंगोलीची माती, हळद आणि आपले गाव यांवर भर दिला, त्याला समिती हमखास विचारणार की तुम्हाला दुसरीकडे पाठवले तर तुमच्या या जाणिवेचा उपयोग काय? कळमनुरीकडच्या एका कृषी पदवीधराला सरावात मी हाच प्रश्न केला आणि गडचिरोलीचे नाव घेतले. "कुठेही जायला तयार आहे" हे ठराविक उत्तर त्याने दिले नाही. तो म्हणाला, "सर, तिकडे धान आहे. धानाचं पीक मी कधी केलेलं नाही. पहिल्या हंगामात शाखेच्या दोन-तीन खातेदारांच्या बांधावर जाऊन रोवणीपासून विक्रीपर्यंतचा खर्च लिहून काढीन. हळदीचा आमच्या घरचा खर्च मी तसाच लिहून काढलाय." मी वही पाहायला मागितली. ती त्याने पिशवीतून काढली, आणि पुढचा अर्धा तास आम्ही बेणे, मजुरी, डिझेल आणि पॉलिशची हमाली यांच्या रकान्यांवरून त्याला समिती काय काय विचारू शकेल, याची उजळणी करत बसलो.